मेनोनाइट शेतकरी स्त्री : जीवन, मृत्यू आणि इतिहासातील स्थान

१. प्रस्तावना

कृषिसमाजाच्या इतिहासात शेतकरी आढळतो. शेतकऱ्याची पत्नी मात्र क्वचितच आढळते. जमिनीचे करार पुरुषाच्या नावे होतात, कर तो भरतो, पंचायतीत तो बसतो. परिणामी त्याचे नाव कागदावर राहते. त्याच घरातील स्त्री दूध काढते, भाजीचा मळा राखते, धान्य साठविते, आठ-दहा मुलांना जन्म देते आणि त्यांपैकी काहींना मूठमाती देते. तिची नोंद मात्र जन्म, विवाह आणि मृत्यू या तीन प्रसंगांपुरतीच उरते. प्रस्तुत लेखात ख्रिस्ती धर्मातील मेनोनाइट या पंथाच्या शेतकरी स्त्रीचा विचार या दृष्टीने केला आहे.

मेनोनाइट पंथाच्या अनेक शाखा आहेत. येथे मुख्यतः 'रशियन मेनोनाइट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाखेचा विचार केला असून इ. स. १७८९ ते १९४७ हा कालखंड प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवला आहे. या समाजाच्या इतिहासात एक विसंगती ठळकपणे जाणवते. येथील स्त्रीला मालमत्तेत पुरुषाबरोबरीचा वाटा होता; परंतु धर्मसभेत तिला मत नव्हते. ही विसंगती कशी निर्माण झाली, ती कशी टिकली आणि स्त्रीच्या मृत्यूच्या प्रसंगी ती कशी उघड होते, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. अभ्याससाधनांचे स्वरूप

मेनोनाइट शेतकरी स्त्रियांनी स्वतः लिहिलेल्या दैनंदिनी उपलब्ध आहेत, पण त्या थोड्या आहेत. पुरुषांच्या दैनंदिनींची संख्या बरीच अधिक आहे. त्यांत हवामान, पेरणी, मळणी, घरी आलेले पाहुणे यांच्या नोंदी नियमित असतात. पत्नीचा उल्लेख मात्र बहुधा नावाने होत नाही. ती आजारी पडली, बाळंत झाली अथवा माहेरी गेली, तरच ती पानावर उमटते.

दुसरे साधन वृत्तपत्रांतील मृत्युलेखांचे. १८८० साली सुरू झालेले 'मेनोनिटिशे रुंडशाउ' आणि १९१३ साली मॅनिटोबात सुरू झालेले 'श्टाइनबाख पोस्ट' ही जर्मन भाषेतील पत्रे दूरदूर विखुरलेल्या नातलगांना जोडणारा दुवा होती. त्यांत छापून येणाऱ्या मृत्युलेखांचा साचा ठरलेला असे. मृत व्यक्तीचे वय वर्षे, महिने आणि दिवस अशा हिशेबाने दिले जाई. वैवाहिक जीवन किती वर्षांचे, मुले किती, त्यांपैकी आधी वारलेली किती, नातवंडे किती, अखेरचा आजार किती आठवड्यांचा, हे सर्व आकड्यांत मांडलेले असे. स्त्रीच्या बाबतीत हा हिशेब म्हणजेच तिचे चरित्र ठरे. तिने किती गाई राखल्या, किती लोणी विकले, किती शेजारणींची बाळंतपणे केली, हे त्यात येत नसे.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे साधन म्हणजे 'वाइझेनआम्ट', अर्थात अनाथांच्या मालमत्तेची काळजी वाहणाऱ्या सामुदायिक संस्थेचे दप्तर. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. अलीकडच्या काळात रॉयडन लोवेन आणि मार्लीन एप या कॅनडातील इतिहासकारांनी अशा साधनांचा उपयोग करून स्त्रियांचा इतिहास बऱ्याच अंशी प्रकाशात आणला आहे. एप यांचा 'विमेन विदाउट मेन' हा ग्रंथ या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे.

३. पंथ, स्थलांतर आणि शेती

१५२५ साली झुरिच येथे प्रौढ बाप्तिस्म्याचा आग्रह धरणारी ॲनाबॅप्टिस्ट चळवळ उदयास आली. जन्मतः बालकाला दिलेला बाप्तिस्मा व्यर्थ असून समज आल्यावर स्वेच्छेने घेतलेली दीक्षाच खरी, असे तिचे प्रतिपादन होते. फ्रीसलंडमधील कॅथलिक धर्मगुरू मेनो सायमन्स (१४९६–१५६१) यांनी १५३६ साली आपले पद सोडून या चळवळीची धुरा घेतली आणि त्यांच्याच नावाने पंथ ओळखला जाऊ लागला. शस्त्र न धरणे, शपथ न घेणे आणि राज्यसत्तेपासून दूर राहणे ही त्याची प्रमुख तत्त्वे होत.

आरंभीच्या छळाच्या काळात स्त्रिया मागे राहिल्या नाहीत. १६६० साली प्रसिद्ध झालेल्या 'मार्टर्स मिरर' या हुतात्म्यांच्या चरित्रसंग्रहातील सुमारे एकतृतीयांश व्यक्ती स्त्रिया आहेत. १५७३ साली अँटवर्प येथे जिवंत जाळण्यात आलेली माइकेन वेन्स ही त्यांपैकी एक. तिने बोलू नये म्हणून तिच्या जिभेवर लोखंडी पेच बसविण्यात आला होता. तिचा मुलगा नंतर राखेत तो पेच शोधतो, हे दृश्य यान लाउकेन यांच्या चित्रामुळे पंथाच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले. मात्र छळ थांबून समाज शेतीत स्थिरावला, तेव्हा स्त्रीची ही सार्वजनिक साक्ष थांबली. जी हुतात्मा म्हणून बोलू शकत होती, तिला सभासद म्हणून बोलण्याची मुभा राहिली नाही.

छळामुळे नेदरलँड्समधून निघालेले अनेक मेनोनाइट व्हिस्टुला नदीच्या त्रिभुज प्रदेशात स्थायिक झाले. पाणथळ जमिनीचा निचरा करून ती लागवडीखाली आणण्यात ते निष्णात होते. पुढे प्रशियाच्या राजवटीत जमीन खरेदीवर निर्बंध आले. दुसऱ्या कॅथरीनच्या निमंत्रणानुसार त्यांनी दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, वसाहती केल्या. १७८९ साली खोर्तित्सा आणि १८०४ साली मोलोच्ना या वसाहती स्थापन झाल्या. प्रत्येक कुटुंबास ६५ देस्यातीन, म्हणजे सुमारे १७५ एकर, जमीन देण्यात आली. सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळालेली सूट १८७० च्या दशकात धोक्यात आली, तेव्हा सुमारे १८ हजार मेनोनाइट उत्तर अमेरिकेत गेले. त्यांपैकी सुमारे ७ हजार मॅनिटोबात आणि उरलेले कॅन्सस, नेब्रास्का, मिनेसोटा, डकोटा या भागांत स्थिरावले.

या स्थलांतराच्या इतिहासात राजाज्ञा, शिष्टमंडळे आणि सवलतींचे करार यांना मध्यवर्ती स्थान मिळते. हे सर्व व्यवहार पुरुषांनी केले. स्थलांतर प्रत्यक्ष पार पाडण्याचे काम मात्र बऱ्याच अंशी स्त्रियांचे होते. प्रवासासाठी 'ट्वीबाक' नावाचे दुहेरी पाव भाजून, वाळवून पोतीच्या पोती भरून ठेवणे, अंथरूण-पांघरूण बांधणे आणि तान्ह्या मुलांना बोटीतून व रेल्वेतून जिवंत नेणे, ही जबाबदारी त्यांनी पेलली.

४. घर, गोठा आणि श्रम

मॅनिटोबात १८७४ च्या उन्हाळ्यात पोहोचलेल्या कुटुंबांना पहिला हिवाळा पुष्कळदा 'सेमलिन' या जमिनीत अर्धवट खणलेल्या, गवताच्या ढेपांनी शाकारलेल्या निवाऱ्यात काढावा लागला. नंतर बांधलेली घरे व्हिस्टुलाकाठच्या पद्धतीची होती. त्यांत राहते घर आणि गोठा एकाच छपराखाली असून मधल्या दाराने जोडलेले असत. उणे ३० अंशांच्या थंडीत बाहेर न पडता गुरांपर्यंत जाता यावे, हा त्यामागील हेतू. स्त्रीच्या श्रमाची हद्द या रचनेवरूनच स्पष्ट होते. स्वयंपाकघर, मधले दार आणि गोठा हा तिचा रोजचा मार्ग होता.

घराच्या मध्यभागी विटांची मोठी भट्टी असे. वृक्षहीन प्रदेशात लाकूड दुर्मीळ असल्याने तिच्यात काड, पेंढा आणि शेणखताच्या वाळविलेल्या विटा जाळल्या जात. शेणखत पसरून, तुडवून, चौकोनी कापून वाळविण्याचे काम उन्हाळ्यात घरातील सर्वांनी करावयाचे असे. आपल्याकडील गोवऱ्यांशी परिचित असलेल्या वाचकास या इंधनाची कल्पना सहज येईल.

दूध, लोणी, अंडी, कोंबड्या आणि भाजीचा मळा ही स्त्रीची क्षेत्रे होती. गव्हाचे पीक वर्षातून एकदा हाती येई आणि त्याचा भाव बाजारावर अवलंबून असे. लोणी आणि अंडी मात्र वर्षभर थोडाथोडा पैसा देत. साखर, कॉफी, कापड, दिव्याचे तेल यांचा खर्च त्यातून निघे. टोळधाड अथवा अकाली हिमपात यांमुळे पीक बुडाले, तर घर तगे ते याच उत्पन्नावर. मोलोच्ना वसाहतीत योहान कोर्नीस (१७८९–१८४८) यांच्या प्रेरणेने तुतीची लागवड आणि रेशीम उत्पादन वाढले. शेतीसुधारक म्हणून कोर्नीस यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. पाने खुडून किडे जगविणाऱ्या स्त्रिया आणि मुले अनामिकच राहिली आहेत.

५. मातृत्व आणि मृत्यू

बाप्तिस्मा झाल्याखेरीज विवाह होत नसे. त्यामुळे साधारणतः विशीच्या आसपास तरुणी आधी दीक्षा आणि लगोलग विवाह अशा दोन पायऱ्या चढत असे. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान यांच्या चक्रात जात. आठ-दहा अपत्ये होणे विरळा नव्हते. त्यांतील काही बालपणीच जाणे हेही नवलाचे नव्हते. घटसर्प, गोवर, आमांश यांच्या साथीत एकाच घरातील दोन-तीन मुले पाठोपाठ दगावत. वारलेल्या मुलाचे नाव पुढे जन्मलेल्या मुलास देण्याची प्रथा होती. वंशावळींत एकाच आईच्या पोटी 'मारिया' किंवा 'काथारीना' हे नाव दोनदा येते, त्याचा अर्थ हाच.

बाळंतपण सुईणीच्या हाती असे. एप यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. गावातील सुईण अनेकदा मृतदेहाला अंघोळ घालून, वस्त्रे नेसवून दफनासाठी सिद्ध करण्याचे कामही करीत असे. जन्म आणि मृत्यू या दोन्ही उंबरठ्यांवर एकच स्त्री उभी असे. धर्मगुरू प्रवचन करण्यासाठी नंतर येई. धर्मसभेत जिला बोलण्याचा अधिकार नव्हता, तिचाच हात समाजातील प्रत्येक व्यक्तीला प्रथम आणि अखेर लागत असे. डॉक्टर आणि रुग्णालये जवळ आली, तसतसे हे स्थान संपुष्टात आले. विनिपेग येथील कॉन्कॉर्डिया रुग्णालय १९२८ साली प्रथम प्रसूतिगृह म्हणूनच सुरू झाले होते.

प्रसूतीनंतरचा ज्वर आणि रक्तस्राव ही तरुण मातेच्या मृत्यूची नित्याची कारणे होती. ती गेली की घराची घडीच विस्कटे. गाई पिळावयाच्या राहात, तान्हे मूल दुधावाचून राही. त्यामुळे विधुर काही महिन्यांतच पुन्हा विवाह करी. आजच्या दृष्टीने ही घाई निष्ठुर वाटेल. परंतु स्त्रीच्या श्रमावाचून शेतीचे एकक चालतच नव्हते, याची ती अप्रत्यक्ष कबुली होय. जिचे श्रम जिवंतपणी कोणी मोजले नाहीत, तिच्या मृत्यूनंतर ते श्रम नसल्याने काय होते, हे मात्र सर्वांना तत्काळ कळे.

दफनविधी साधा असे. शवपेटी गावचा सुतार करी. प्रार्थनागृहात जागा अपुरी पडल्यास लोक धान्याच्या कोठारात अथवा गोठ्याला लागून असलेल्या मोठ्या छपराखाली जमत. विधीनंतर पाव आणि कॉफी देण्यात येई. अधिक सनातनी वसाहतींत थडग्यावर नावाचा दगडही बसवीत नसत. मृत्यूनंतर सर्व समान, हा त्यामागील धार्मिक विचार. मात्र पुरुषाचे नाव जमिनीच्या दप्तरात टिकून राही. स्त्रीच्या बाबतीत दगडाचा अभाव म्हणजे पुष्कळदा नावाचाच अभाव ठरे.

६. वारसाहक्क : वाटा आहे, मत नाही

फ्लेमिश परंपरेतून आलेली एक वारसापद्धती मेनोनाइटांनी व्हिस्टुलाकाठापासून मॅनिटोबापर्यंत जपली. पती किंवा पत्नी यांपैकी कोणीही वारले, तरी मालमत्तेचा अर्धा भाग हयात जोडीदाराचा राही आणि उरलेला अर्धा भाग मुलांमध्ये समान वाटला जाई. मुलगा व मुलगी असा भेद त्यात नव्हता. अज्ञान मुलांचा वाटा 'वाइझेनआम्ट'कडे व्याजाने ठेवला जाई आणि वयात आल्यावर त्यांना मिळे. हयात जोडीदाराने पुनर्विवाह करण्यापूर्वी ही वाटणी होणे आवश्यक होते.

या नियमाचा एक परिणाम अभ्यासकाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पत्नी वारली, तरी पतीच्या हयातीत घरादाराची मोजदाद होई. जमीन, घर, घोडे, गाई, नांगर, भांडी, कर्ज या सर्वांची यादी तयार होई. म्हणजे शेतकरी स्त्री सहमालक होती, ही गोष्ट कागदावर स्पष्टपणे येते ती तिच्या मृत्यूच्या दिवशी. संसार चालू असताना सर्व व्यवहार पतीच्या नावे होत. तिचा अर्धा हिस्सा जणू अव्यक्त असे आणि मृत्यूनेच तो व्यक्त होई.

मुलींना मिळणाऱ्या वाट्याचे सामाजिक परिणामही दूरगामी होते. लोवेन यांनी मॅनिटोबातील वसाहतींच्या अभ्यासातून असे निदर्शनास आणले आहे, की विवाहानंतर तरुण जोडपे पुष्कळदा पत्नीच्या माहेरच्या गावी अथवा त्याच्या जवळपास संसार थाटत असे. सासुरवास हा जो शब्द आपल्या सामाजिक इतिहासात स्त्रीजीवनाचा मोठा भाग व्यापतो, त्याची तीव्रता तेथे यामुळे कमी झाली असावी. आई, बहिणी आणि मावश्या हाकेच्या अंतरावर असणे हे बाळंतपणात आणि आजारपणात मोठेच बळ होते.

तथापि या हक्काच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. विधवेच्या व्यवहारांसाठी पुरुष पालक नेमला जाई. वाटणी करणारे पंच पुरुषच असत. गावसभेत आणि धर्मसभेत, जेथे या नियमांविषयीच निर्णय होत, तेथे स्त्रीला मत नव्हते. रशियात शेताचे तुकडे करण्यास दीर्घकाळ मनाई असल्यामुळे एका वारसाने शेत घेऊन इतरांना पैशांत हिस्सा द्यावा, अशी व्यवस्था होती. सारांश, स्त्रीला संपत्ती मिळाली. संपत्तीविषयी निर्णय घेण्याची सत्ता मिळाली नाही. या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मेनोनाइट उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

७. पुरुषांवाचून : १९१९ ते १९४७

रशियन क्रांतीनंतरच्या यादवीत युक्रेनमधील मेनोनाइट गावे माख्नोच्या सैन्याच्या तडाख्यात सापडली. १९१९ च्या शरद ऋतूत आयखेनफेल्ड येथे एका रात्रीत गावातील पुष्कळ प्रौढ पुरुष मारले गेले. अन्यत्र घराघरांत उतरलेल्या सैनिकांनी टायफसची साथ आणली. त्या रोग्यांची शुश्रूषा त्याच घरातील स्त्रियांना करावी लागली आणि त्यांतील अनेकींना त्याच रोगाने मृत्यू आला. शत्रूवर प्रेम करण्याची पंथाची शिकवण प्रवचनात पुरुष सांगत होते; तिची किंमत मोठ्या प्रमाणात स्वयंपाकघरातील स्त्रीने मोजली. या काळात झालेल्या बलात्कारांविषयी समाजाने दीर्घकाळ मौन पाळले.

१९२१–२२ च्या दुष्काळानंतर, १९२३ ते १९३० या काळात, सुमारे २० हजार मेनोनाइट कॅनडात गेले. खुपरी या नेत्ररोगाच्या तपासणीत एखादे मूल अडले, की आईला त्याच्यासह युरोपात मागे राहावे लागे आणि उरलेले कुटुंब पुढे जाई. जे रशियातच राहिले, त्यांच्या वाट्याला सामूहिकीकरण आणि १९३७–३८ चे अटकसत्र आले. शेकडो घरांतील कर्ते पुरुष नाहीसे झाले. १९४३ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यासोबत सुमारे ३५ हजार मेनोनाइट पश्चिमेकडे निघाले, तेव्हा घोडागाड्यांचे लगाम बहुतांशी स्त्रियांच्या हाती होते. त्यांपैकी सुमारे २३ हजार पुढे सोव्हिएत प्रदेशात परत नेले गेले.

या काफिल्याचा इतिहास एकांगी लिहिता येत नाही. युक्रेनवरील जर्मन ताब्याच्या काळात मेनोनाइटांना 'जर्मन' म्हणून संरक्षण लाभले आणि त्याच प्रदेशात ज्यूंचे शिरकाण झाले. अलीकडील संशोधनाने काही मेनोनाइटांचा त्यातील सहभागही उघड केला आहे. निर्वासित मातेचे दुःख खरे होते; परंतु त्या दुःखाच्या आड ही बाजू झाकली जाऊ नये.

वाचलेल्यांपैकी काही कुटुंबे १९४७ साली पॅराग्वेत पोहोचली. तेथील चाको या रुक्ष प्रदेशातील नॉयलांड वसाहतीत फ्रीडेन्सहाइम हे गाव मुख्यतः विधवा आणि बेपत्ता पतींच्या पत्नींनी वसविले. त्यांनी झाडे तोडली, विहिरी खणल्या, घरे उभारली, नांगर धरला. लोकांनी त्या गावाला 'बायकांचे गाव' असेच नाव दिले. पती जिवंत आहे की नाही, हेच ठाऊक नसल्याने त्यांना धड विधवाही म्हणता येत नव्हते. पुनर्विवाहाच्या प्रश्नावर धर्मसभेने दीर्घ खल केला आणि येथेही निर्णय पुरुषांनीच दिला.

८. भारताशी आलेला संबंध

या दूरस्थ समाजाचा आपल्या प्रदेशाशी आलेला संबंध अल्प असला तरी उल्लेखनीय आहे. १९०० सालच्या दुष्काळात कॅन्ससमधील मेनोनाइट शेतकऱ्यांनी हिंदुस्थानासाठी मका पाठविला आणि त्याच्या सोबत डेव्हिड गेर्झ हे येथे आले. १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशनने धमतरी येथे कार्य आरंभिले. त्यानंतर लवकरच दुसऱ्या शाखेने चांपा येथे केंद्र काढले. ही ठिकाणे तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होती. परदेशातील मिशनकार्यासाठी लागणाऱ्या निधीचा एक भाग गावोगावच्या स्त्रियांच्या शिवणमंडळांतून जमा होई. गोधड्या आणि कपडे शिवून त्यांचा लिलाव केला जाई. स्वतःच्या गावच्या धर्मसभेत ज्यांना मत नव्हते, त्या शेतकरी स्त्रियांनी सुईदोऱ्याच्या आधारे सातासमुद्रापलीकडील कार्यास हातभार लावला.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मेनोनाइट शेतीव्यवस्था स्त्रीच्या श्रमावर पुरुषाच्या श्रमाइतकीच उभी होती. विधुराचा तातडीचा पुनर्विवाह हा त्याचा पुरावा आहे. दुसरा, समान वारसाहक्काने स्त्रीला आर्थिक आधार आणि माहेरची साथ दिली. परंतु निर्णयाधिकाराच्या अभावी तो हक्क समतेपर्यंत पोहोचला नाही. तिसरा, आपत्तीच्या काळात स्त्रियांनी सर्व कामे पेलली, तरी त्यामुळे त्यांचे धार्मिक स्थान आपोआप बदलले नाही. बोलिव्हियातील एका सनातनी मेनोनाइट वसाहतीत शंभराहून अधिक स्त्रिया व मुलींवर झालेले अत्याचार २००९ साली उघडकीस आले आणि २०११ साली आरोपींना शिक्षा झाली. स्त्रीला सभेत बोलता न येण्याची किंमत एकविसाव्या शतकातही किती भयंकर असू शकते, हे त्यावरून दिसते.

चौथा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. शेतकरी स्त्रीने कागद मागे ठेवले नाहीत, म्हणून तिचा इतिहास लिहिता येत नाही, ही समजूत टिकणारी नाही. वाटणीची यादी, मृत्युलेखातील आकडे, वंशावळीत दोनदा आलेले मुलीचे नाव, पतीच्या दैनंदिनीतील एखादी त्रोटक ओळ, ही सर्व साधने तिच्याविषयी बोलतात. तिच्या मृत्यूच्या वेळी तयार झालेल्या यादीत गाई, चरवी, मंथनपात्र आणि चरखा यांची नोंद असेल, तर त्या वस्तू हाताळणारी व्यक्ती कोण होती, हा प्रश्न विचारणे इतिहासकाराचे काम आहे.